शेततळं, ठिबक, फळबाग: अनुदान हवं असेल तर आधी काय आणि मग काय

कृषी खात्याच्या पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत रानात जेसीबी घालायचा नाही. बाकी सगळं विसरलात तरी एवढं ध्यानात ठेवा. माती-पाणी अडवायच्या बहुतेक योजनांत पैसा कामाच्या आधी नाही, नंतर मिळतो. आणि कुठं, केवढं काम करायचं हे कागदावर ठरल्यावर जे काम होतं त्यालाच मिळतो. तळं उत्तम खोदलंय, पाण्यानं भरलंय, पण पत्राच्या तारखेआधीचं आहे, अशा तळ्याच्या काठावर उभं राहून ‘साहेब, काहीतरी बघा की’ म्हणणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मी साताऱ्याच्या दुष्काळी भागात, माण-खटावकडे, कृषी खात्यात होतो. सहायक म्हणून लागलो, पर्यवेक्षक होऊन निवृत्त झालो. आता सहायकाला ‘सहायक कृषी अधिकारी’ म्हणायचं आणि पर्यवेक्षकाला ‘उप कृषी अधिकारी’. पाटी बदलली, फिरायची गावं तेवढीच आहेत. घरी बसलो तरी फोन येतातच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी कागद

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा, आणि २०२५ पासून त्याला शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात तो, लागतो. तो काढला नसेल तर सेवा केंद्रात जाऊन आधी तेवढं उरका. काढताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा: तुमच्या नावावरचे सगळे गट त्यात आलेत का. एखादा गट सुटला आणि नेमकं त्याच गटात तळं घ्यायचं असलं, की अर्ज तिथंच अडतो.

मग नाव. आधारवर दत्तात्रय, सातबाऱ्यावर दत्तू आणि बँकेत दत्ता, असे तिघे एकाच माणसात राहतात आमच्याकडे. संगणकाला ते तीन वेगळे वाटतात. सातबाऱ्यावरची चूक लेखनातली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आधी जाऊन बसा. चूक कुठल्या फेरफाराची आहे ते तोच सांगेल. वडील जाऊन वर्षं झाली आणि वारसनोंद नाही, असं असेल तर योजनेचा विचार बाजूला ठेवून पहिली ती नोंद करा. सातबाऱ्यावरचं खातं सामायिक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावाभावांत बोलणं नसेल तर ही सही तळं खोदण्यापेक्षा अवघड जाते, हेही सांगून ठेवतो.

बँकेचं खातं आधारला जोडलंय असं सगळेच म्हणतात. प्रश्न असा असतो की सरकारी पैसा यायला आधार कुठल्या खात्याशी जोडलंय. हा पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधारला जे खातं शेवटचं जोडलं तिथं जातो. मधेच कुणीतरी गावात येऊन झिरो बॅलन्सचं खातं उघडून गेलेलं असतं, अनुदान तिथं पडतं, आणि माणूस जिल्हा बँकेत चकरा मारत राहतो. बँकेत जाऊन सरळ विचारा: डीबीटी, म्हणजे सरकारचा थेट येणारा पैसा, कुठल्या खात्यावर येणार?

मग रान

अनुदान आहे म्हणून तळं घ्यायचं नाही. पाणी येतंय म्हणून घ्यायचं. जोराचा पाऊस चालू असताना डोक्यावर पोतं घेऊन आपल्याच रानात फिरा. पाणी कुठून येतं, कुठल्या बांधाला फोडून जातं, कुठं गढूळ होऊन पळतं ते दिसेल. लोकांची खोड अशी की पीक येत नाही ती माळाची टेकाडावरची जागा तळ्याला दाखवायची. एकदा एका गावात मी आखणीला गेलो. मालकानं वरच्या अंगाला खुंट्या मारून ठेवल्या होत्या. त्याची आई काठी टेकत आली, खालच्या कोपऱ्यातल्या बाभळीकडं बोट केलं आणि म्हणाली, ‘पाणी दरसाल तिकडनं जातंय, तुम्ही इथं काय करताय?’ आखणीची चुन्याची फक्की मारली ती बाभळीपाशीच.

मात्र ओढ्याच्या किंवा नाल्याच्या वाहत्या पात्रात तळं घेता येत नाही. नियमात तर बसत नाहीच, पहिल्याच मोठ्या पावसात गाळानं बुजूनही जातं.

आता थोडा हिशोब. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार, अशा तळ्यात २,१९६ घनमीटर माल निघतो, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. तेच २० बाय २० घेतलं तर ८७६ घनमीटर, निम्म्याहूनही कमी. एक हेक्टरवरून १० मिलिमीटर पाणी वाहून आलं तर १ लाख लिटर होतं. पडलेला पाऊस नव्हे हं, वाहून आलेलं पाणी. माती पिऊन उरेल तेवढंच. तुमच्या तळ्याकडे चार हेक्टरचं पाणी येत असेल तर मोठं तळं भरायला हंगामात एकूण ५५ मिलिमीटर वाहावं लागेल. वरच्या शेजाऱ्यानं चांगली बांधबंदिस्ती केलेली असेल तर तेवढं येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

भरलेलं तळं उन्हाळ्यात उडतंही. दिवसाला ८ मिलिमीटर धरलं तर ९०० चौरस मीटरवरून रोज ७ हजार लिटर वाफ होते. एकरभर डाळिंबाची ३०० झाडं आणि झाडाला ४० लिटर धरले, तर १२ हजार बागेला आणि ७ हजार उन्हाला. ढोबळ मानानं २२ लाख लिटर पावणेचार महिने पुरतात, तेही तळं पाझरत नसेल तर. म्हणून मोठं तळं घेतलं की तीन एकर बाग लावायची, हे गणित जमत नाही. तळ्याखाली ९ गुंठे जातात, भराव धरून आणखी थोडे, तेही मोजा.

वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून आकारमानाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ हजार रुपये मिळतात. जमीन किमान ४० आर, म्हणजे एकरभर हवी. कोकणात २० आर चालते. मोठ्या तळ्याला, त्यातून मुरूम कठीण लागला तर, खोदाईचा खर्च या रकमेच्या वर जातो. वरचा पैसा कुठून आणायचा ते अर्जाआधी ठरवा. ७५ हजारही काम झाल्यावर येणार आहेत, जेसीबीवाला मात्र रोजच्या रोज मागतो.

अर्ज ते खोदाई

अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत निघायची. २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, असं आहे. त्यामुळे कागद तयार ठेवून अर्ज करण्यात अर्थ आहे. निवड झाल्याचा मेसेज मोबाईलवर येतो. तो नंबर तुमचाच असू द्या, पुण्याला असलेल्या पुतण्याचा नको. मेसेजनंतर पोर्टलवर कागद चढवायचे, मग पूर्वसंमती, मग सहायक येऊन आखणी करून देतो. त्या दिवशी स्वतः रानात हजर राहा. पूर्वसंमतीला मुदत असते. ती गेली तर सगळं पहिल्यापासून.

खोदताना तीन गोष्टींवर जेसीबीवाल्याशी भांडायची तयारी ठेवा. बाजू उभ्या कापायच्या नाहीत, उतार द्यायचाच; उभ्या बाजू पहिल्या पावसाळ्यात ढासळतात. माती काठाला लागून टाकायची नाही, मधे चालायला जागा सोडायची. आणि पाणी आत येतं तिथं दगडाचं पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, त्याच्या आधी गाळ बसायला एक वेगळा खड्डा. हा खड्डा कुणी करत नाही, आणि तीन-चार वर्षांत तळ्याची खोली कुठं गेली म्हणून विचारत येतात. जादा पाणी जायला सांडवा हवा, तो शेजाऱ्याच्या पिकात उघडणारा नको.

काळ्या चिकण मातीत तळं बऱ्यापैकी धरतं. मुरमाड रानात कागद, म्हणजे ५०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक अस्तर, घातल्याशिवाय पाणी थांबत नाही. अस्तरीकरण हा वेगळा घटक आहे, त्याचा अर्ज वेगळा करायचा. खोदाईच्या रकमेत ते येत नाही.

ठिबक

ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे ज्यांची जमीन दोन हेक्टरपर्यंत आहे त्यांना, केंद्राच्या योजनेतून ५५ आणि राज्याचे पूरक २५ असे ८० टक्के मिळतात. बाकीच्यांना ४५ अधिक ३०, म्हणजे ७५. मर्यादा पाच हेक्टरची. एका रानावर एकदा लाभ घेतला की सात वर्षं पुन्हा नाही. हे टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चावर असतात, दुकानदाराच्या बिलावर नाहीत. त्यामुळे ‘८० टक्के मिळणार’ म्हणून मनात धरलेली रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम यांत फरक पडतो. दुकानात बसूनच विचारून घ्या, माझ्या नळ्यांच्या अंतराला, माझ्या पिकाला मंजूर खर्च किती धरणार?

विहीर किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर पाण्याच्या सोयीचं स्वयंघोषणापत्र द्यावं लागतं. ‘तुम्ही फक्त सही करा, आम्ही सगळं करतो’ म्हणणारा विक्रेता भेटतोच. करू द्या त्याला, पण बिल जीएसटीचं, पैसे बँकेतून दिलेले, आणि नळी रानात अंथरलेली असली पाहिजे. रानात तपासणीला आलेला माणूस फिल्टर बघतो, लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, मोजतो, जागेसकट फोटो घेतो. गोठ्यात गुंडाळून ठेवलेल्या बंडलांचा फोटो चालत नाही.

फळबाग आणि गाळ

फळबागेला दोन वाटा. जॉबकार्ड असेल आणि रोजगार हमीच्या निकषात बसत असाल तर पहिली ती. न बसणाऱ्यांसाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे: कोकणात १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत, बाकी महाराष्ट्रात २० गुंठ्यांपासून ६ हेक्टरपर्यंत. अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं फोडून येतं. पहिल्या वर्षी ८० टक्के झाडं जगली पाहिजेत, दुसऱ्या वर्षी ९०. मेलेल्या झाडांच्या जागी स्वखर्चानं नवी लावून आकडा राखायचा. मला ही अट मनापासून पटते. नुसते खड्डे मोजून पैसे देण्याचे दिवस मी पाहिलेत. कुंपण मात्र तुमच्या खर्चाचं, आणि शेळ्यांना योजना कळत नाही.

हलक्या रानाला तलावातला गाळ टाकायचा असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ बघा. अल्प व अत्यल्प भूधारकांना घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी जास्तीत जास्त १५ हजार, अडीच एकरांपर्यंत ३७ हजार ५०० मिळतात. इथं एकट्यानं पळून उपयोग नाही, ग्रामपंचायत किंवा संस्थेमार्फत काम उभं राहावं लागतं. ग्रामसभेत विषय काढा, तोही उन्हाळ्याच्या आधी. तलाव भरल्यावर गाळ काढता येत नाही.

काम झाल्यावर

तपासणी झाली, देयक चढवलं, की पोर्टलवर आपला अर्ज कुठं थांबलाय ते दिसतं. तालुक्याला जाण्याआधी ते बघा आणि अर्ज क्रमांक लिहून न्या. ‘माझं काय झालं’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, क्रमांकाला मिळतं. शेततळ्याची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. पुढच्या ठिबकच्या अर्जाला तीच कामाला येते.

आणि तळ्याला कुंपण घाला, अनुदानाची वाट न बघता, पहिलं पाणी यायच्या आत. कागद घातलेल्या तळ्याच्या बाजूला शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. चारही बाजूंना काठावर पक्का खुंट रोवून जाड दोर आत सोडा, हाताला पकड मिळेल अशा गाठी मारलेला, आणि दोन फुगवलेल्या ट्यूब तिथंच बांधून ठेवा. दोर उन्हानं कुजतो, तो दरसाल बदलायचा.