बाजूच्या नोडमधली कॉपी मागणीला सापडेना: माझा अनुभव

मजकूर पत्त्याने न मागता नावाने मागायचा, ही कल्पना व्हॅन जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या शोधनिबंधाने गाजली. तिचा प्रयोग मी इकॅरस या पायथनमधल्या सिम्युलेटरवर करत होतो. नोडना, म्हणजे नेटवर्कमधल्या राउटरना, नावं आपल्या नाशिकचीच: सातपूर, सिडको, पंचवटी, द्वारका. मूळ सर्व्हर नाशिकरोडला.

अडचण अशी, की पंचवटीच्या कॅशमध्ये, म्हणजे कॉपी साठवायच्या जागेत, रामकुंडाचा व्हिडिओ असूनही सिडकोची मागणी थेट नाशिकरोड गाठायची. कारण मार्ग फक्त सर्व्हरकडे जाणारा, त्या वाटेवर पंचवटी लागतच नाही. शिवाय एलसीई (लीव्ह कॉपी एव्हरीव्हेअर) धोरणात वाटेतला प्रत्येक राउटर तीच कॉपी ठेवतो, म्हणजे एका गल्लीत घरोघरी एकच पेपर.

कॅश वाढवत बसणं ही मला पळवाट वाटते. म्हणून एलसीई काढून एलसीडी (लीव्ह कॉपी डाउन) लावलं. यात हिट मिळाला, म्हणजे मागितलेला मजकूर सापडला, की त्याची कॉपी फक्त एकच पायरी खाली, मागणाऱ्याच्या दिशेने, ठेवली जाते, त्यामुळे एखाद्यानेच मागितलेला मजकूर काठावरची, म्हणजे मागणाऱ्याजवळच्या नोडमधली, जागा अडवत नाही. हिट वाढले, पण पंचवटी अजून अदृश्यच!

गुण आला तो हॅश राउटिंगने. नावाच्या हॅशवरून, म्हणजे नावापासून गणिताने काढलेल्या आकड्यावरून, ठरतं की कॉपी कोणत्या नोडकडे; मागणी आधी तिथे, नाहीच मिळालं तर सर्व्हरकडे. वळसा पडतो, त्यामुळे शहराएवढ्या नेटवर्कलाच हे बरं. राज्यभर असेल तर नोडचे गट पाडा. मार्ग आणि कॅश दोन्ही मिळून अचूक ठरवणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे नेटवर्क मोठं झालं की हिशोब आवाक्याबाहेर जातो, त्या नादी मी लागलो नाही.

आणि हो, वॉर्मअपच्या, म्हणजे कॅश भरत असतानाच्या सुरुवातीच्या, मागण्या मोजणीतून वगळा. रिकाम्या कॅशचे आकडे सरासरी बिघडवतात.