आरओटीसी शिष्यवृत्ती: किमान गुण आणि निवड यांच्यामधले अंतर

‘मुलगा अकरावीत आहे, एसएटीला १२०० मिळाले आहेत, तर सैन्याची शिष्यवृत्ती मिळेल ना?’ अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो आणि दर वेळी उत्तर देण्याआधी तीन उलट प्रश्न विचारावे लागतात: कोणत्या दलासाठी, कोणत्या विषयासाठी आणि कोणत्या कॉलेजासाठी? कॉलेजप्रवेशासाठीच्या एसएटी चाचणीतले तेच १२०० गुण आर्मीच्या किमान अटीपेक्षा बरेच वर आहेत, तर एअर फोर्सच्या अटीत ते बसतच नाहीत. नेव्हीत एकूण बेरजेपेक्षा गणितात किती आणि इंग्रजीत किती हे आधी पाहिले जाते.

रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, म्हणजे आरओटीसी, ही १९१६ च्या कायद्याने उभी राहिलेली व्यवस्था आहे. विद्यार्थी नेहमीच्या कॉलेजात नेहमीची पदवी घेतो, त्याच्या जोडीने लष्करी विषय, कवायत आणि उन्हाळी प्रशिक्षण पूर्ण करतो आणि पदवीनंतर अधिकारी म्हणून रुजू होतो. वेस्ट पॉइंट किंवा ॲनापोलिस या लष्करी व नौदल अकादमींसाठी लागते तसे लोकप्रतिनिधीचे नामांकन येथे लागत नाही. अमेरिकन नागरिकत्व मात्र लागतेच आणि ग्रीन कार्डावर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. आपल्या घरांत सहसा उशिरा लक्षात येणारी आणखी एक बाब येथेच सांगून ठेवतो. परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला भारत सरकारच्या नियमांनुसार ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना दिले जाणारे) मिळत नाही. मुलाकडे ते आधीपासून असेल, तर पुढे काय करायचे याची विचारणा वकिलातीकडे वेळेत करावी.

आता किमान अटी पाहू. आर्मीच्या चार वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी शालेय जीपीए, म्हणजे सर्व विषयांच्या श्रेणींची सरासरी, किमान २.५ आणि एसएटी १००० किंवा तशाच एसीटी या चाचणीत १९ गुण अपेक्षित असतात. एअर फोर्स ३.० जीपीए आणि एसएटी १२४० किंवा एसीटी २६ मागते. नेव्ही एसएटीच्या वाचन-लेखन विभागात ५५० आणि गणितात ५४० मागते, तर नेव्हीच्याच आरओटीसीतून मरीन कोअरमध्ये जाण्याच्या ‘मरीन पर्याया’साठी एकूण १००० गुण पुरतात. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षी त्या त्या दलाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा ताडून पाहावेत. मात्र या आकड्यांचा अर्थ एवढाच, की त्यांच्या खाली असलेला अर्ज निवड मंडळापुढे जात नाही. प्रत्यक्ष स्पर्धा या रेषेच्या बरीच वर सुरू होते. किमान गुण मिळवून निश्चिंत झालेल्या घरांची निराशा मी पाहिली आहे, आणि किमान अट पूर्ण होत असूनही स्पर्धेसाठी दोन-तीनशे गुण कमी पडतील असे वाटून अर्जच न करणाऱ्या हुशार मुलांचे नुकसानही पाहिले आहे. त्या मुलांना नकार मंडळाने दिला नव्हता, तो त्यांनी स्वतःच स्वतःला दिला होता.

शैक्षणिक स्पर्धा सर्वांत तीव्र कोठे होते, हे ठरवण्यात गुणांइतकाच विषयाचा वाटा असतो. नेव्ही कॉलेजमधील विषयांची तीन स्तरांत विभागणी करते: पहिल्यात अभियांत्रिकीच्या शाखा, दुसऱ्यात गणित आणि विज्ञान, तिसऱ्यात उरलेले सर्व. नेव्ही पर्यायाच्या शिष्यवृत्त्यांपैकी सुमारे ८५ टक्के पहिल्या दोन स्तरांना दिल्या जातात. म्हणजे इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊ इच्छिणाऱ्या मुलीला उरलेल्या थोड्या जागांसाठी झगडावे लागते आणि तिचे गुण अभियांत्रिकीच्या उमेदवारापेक्षा सरस असले, तरी तिची वाट अधिक अरुंद राहते. शिवाय ती निवडली गेली, तरी नेव्ही पर्यायात तिला कॅल्क्युलसची दोन आणि कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्राची दोन सत्रे पूर्ण करावीच लागतात. मंडळ शाळेतल्या गणिताकडे इतके बारकाईने का पाहते, ते यातून समजते. एअर फोर्सचा कलही तांत्रिक विषयांकडे असतो आणि तेथे शिष्यवृत्ती ठरावीक विषयासाठीच दिली जाते. आर्मीत विषयाचे बंधन त्या मानाने सैल असते आणि नर्सिंगसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या असतात.

हे कळल्यावर काही घरे लगेच एक युक्ती करतात: अर्जात यांत्रिक अभियांत्रिकी लिहायचे आणि नंतर विषय बदलून घ्यायचा. माझा सल्ला याच्या सरळ विरोधात आहे. विषय बदलण्यासाठी दलाची परवानगी लागते, वरच्या स्तरातून खालच्या स्तरात उतरताना शिष्यवृत्ती गमावण्याची शक्यता असते, आणि ज्याला थर्मोडायनॅमिक्स मनापासून नको आहे त्याचे कॉलेजमधले गुण पहिल्या वर्षीच घसरतात.

जीपीएच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून एका विद्यार्थिनीची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, येथे जशी होती तशी मांडतो. वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत ४.४१ छापलेले होते आणि आईवडील त्याच आकड्यावर खूश होते. तो होता भारांकित जीपीए. एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, वर्गातील ‘ए’ला शाळा पाच गुण धरत असल्यामुळे तो फुगलेला होता. भार काढून हिशेब केला तेव्हा आकडा ३.७२ आला. आकडा चांगलाच होता, पण घरात ज्या आकड्याची चर्चा चालली होती तो हा नव्हता. एअर फोर्स आपली किमान अट तपासताना भार न लावलेलाच जीपीए धरते. त्याच पानावर खाली दुसरी गोष्ट दिसली: नववीत भूमितीत ‘सी’, दहावीत बीजगणितात ‘बी’, अकरावीत एपी कॅल्क्युलसमध्ये ‘ए’. मुलाखतीत यावर प्रश्न येणार हे उघड होते. तिने त्याचे उत्तर सबबी न सांगता तयार केले आणि चढत गेलेली ती रेषाच तिच्या अर्जाची जमेची बाजू ठरली. उलट क्रम असता, म्हणजे नववीत ‘ए’ आणि अकरावीत ‘सी’, तर एकूण सरासरी तीच राहूनही अर्ज दुबळा दिसला असता. पहिल्या फेऱ्यांत मंडळासमोर असतात ते अकरावीपर्यंतचेच गुण, म्हणून ‘बारावीत भरून काढू’ हा हिशेब येथे चालत नाही.

एसएटी किंवा एसीटी पुन्हा द्यावी का? माझ्या मते या अर्जात कमी वेळात वाढवता येण्यासारखा दुसरा कोणताही घटक नाही. तीन वर्षांचा जीपीए दोन महिन्यांत हलत नाही, चाचणीचे गुण मात्र हलतात. अनेक कॉलेजांनी प्रवेशासाठी चाचणी ऐच्छिक केली असली, तरी त्या सवलतीच्या भरवशावर शिष्यवृत्तीचा अर्ज करू नये. अकरावीच्या वसंतात एकदा आणि उन्हाळ्यानंतर एकदा, असा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. नेव्हीसाठी अर्ज करणाऱ्याने दुसऱ्या वेळी गणिताच्या विभागावर भर द्यावा.

कॉलेजांच्या यादीकडे पालक सहसा दुर्लक्ष करतात आणि नेमके येथेच अनेक चांगले अर्ज अडकतात. शिष्यवृत्तीची निवड दल करते आणि प्रवेश कॉलेज देते. या दोन स्वतंत्र स्पर्धा आहेत, आणि एकीत यश मिळाले म्हणून दुसरीचे दार आपोआप उघडत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाला नेव्हीची शिष्यवृत्ती एका अतिशय चुरशीच्या खासगी विद्यापीठासाठी जाहीर झाली, घरात पेढे वाटले गेले आणि मार्चअखेरीस त्या विद्यापीठाचा नकार आला. शिष्यवृत्ती दुसऱ्या कॉलेजात हलवण्याची विनंती करता येते, पण नेव्हीच्या प्रत्येक युनिटमध्ये शिष्यवृत्तीधारकांची संख्या मर्यादित असते आणि तोवर हव्या त्या जागा भरलेल्या असतात. त्याला शेवटी तिसऱ्या पसंतीच्या सरकारी विद्यापीठात जागा मिळाली, तीही पंधरा दिवस जीव टांगणीला लागल्यानंतर. म्हणून यादीत किमान दोन कॉलेजे अशी असावीत, जिथे मुलाचे गुण तेथील नेहमीच्या प्रवेशितांच्या बरोबरीचे किंवा वरचे आहेत, आणि त्यांपैकी एक स्वतःच्या राज्यातील सरकारी विद्यापीठ असावे. ज्या कॉलेजात आरओटीसीचे युनिट नाही, तेथील विद्यार्थी पुष्कळदा शेजारच्या विद्यापीठातील युनिटमध्ये प्रशिक्षण घेतात. असा करार आहे की नाही, हे प्रवेश विभागाला न विचारता थेट युनिटला विचारावे.

पैशाचा हिशेबही यादी करतानाच मांडावा. आर्मीच्या शिष्यवृत्तीत पूर्ण शिक्षणशुल्क किंवा राहण्या-जेवणाचा खर्च यांतून एक निवडता येते. त्याखेरीज पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर आणि सत्र चालू असताना महिन्याला ४२० डॉलर भत्ता मिळतो. एअर फोर्समध्ये कोणत्याही कॉलेजाचे पूर्ण शुल्क देणारा प्रकार मोजक्यांनाच मिळतो. एका प्रकारात वर्षाला १८,००० डॉलरची मर्यादा असते, आणि महागड्या खासगी कॉलेजात उरलेली रक्कम घरालाच भरावी लागते. सरकारी विद्यापीठाने आधीच मोठी गुणवत्ता शिष्यवृत्ती दिली असेल, तर आर्मीची शिष्यवृत्ती राहण्या-जेवणासाठी वापरणे अधिक फायद्याचे ठरू शकते.

तीनही दले उमेदवाराकडे समग्रपणे पाहतात. आर्मीच्या परिभाषेत उमेदवार अभ्यासक, खेळाडू आणि नेता असा तिहेरी असावा लागतो. आपल्या मुलांचे पहिले अंग भक्कम असते आणि उरलेल्या दोहोंत अर्ज फिका पडतो. आठ क्लबांचे सभासदत्व लिहिण्यापेक्षा एका संघाचे कर्णधारपद किंवा ईगल स्काउट हा स्काउटमधला सर्वोच्च दर्जा यांचे वजन अधिक पडते. स्थानिक महाराष्ट्र मंडळाच्या ढोल-ताशा पथकात तीस जणांच्या तालमी सांभाळल्या असतील, तर तेही नेतृत्वच आहे, फक्त अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला समजेल अशा भाषेत, किती जण, किती महिने आणि कोणती जबाबदारी, हे लिहावे. शारीरिक चाचणीत जोर, पोटाचे व्यायाम आणि धावणे असते. आर्मीत एक मैल, एअर फोर्समध्ये दीड मैल. हिची तयारी तीन महिने आधी सुरू केली तरी पुरते.

मुलाखत आरओटीसीचा अधिकारी घेतो आणि ती गुणांची उजळणी नसते. ‘शिष्यवृत्ती मिळाली नाही, तरी तू आरओटीसीत येशील का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तराआधी मुलगा क्षणभर आईकडे पाहतो की काय, हे दिसू नये म्हणून तरी पालकांनी खोलीबाहेर थांबावे. मुलाला जायचे नसेल आणि केवळ शुल्क वाचवण्यासाठी घर त्याला पुढे ढकलत असेल, तर ते अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही आणि सुटूही नये.

निवड झाली तरी वैद्यकीय तपासणी उरते. ती संरक्षण खात्याचे मंडळ करते. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचे निदान किंवा औषध, एडीएचडीसाठी (एकाग्रतेच्या विकारासाठी) अलीकडे घेतलेली औषधे आणि तीव्र स्वरूपाची अन्नॲलर्जी ही अडण्याची नेहमीची कारणे आहेत. साध्या चष्म्यामुळे सहसा अडत नाही. सूट मागण्याची सोय आहे आणि ती अनेकांना मिळतेही, म्हणून जुनी नोंद दडवू नये. मात्र फार्मसीच्या नोंदीत वर्षानुवर्षे आपोआप नूतनीकरण होत राहिलेला, पण न वापरलेला इनहेलर असेल, तर डॉक्टरांशी बोलून वस्तुस्थिती लेखी घ्यावी.

अर्ज अकरावी संपता संपता, म्हणजे वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला खुले होतात आणि पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास बंद होतात. आर्मीत मंडळाच्या अनेक फेऱ्या होतात आणि पहिल्या फेरीत न निवडलेला पूर्ण अर्ज पुढच्या फेरीत पुन्हा पाहिला जाऊ शकतो. त्यामुळे अर्ज सप्टेंबरअखेर पूर्ण ठेवणाऱ्याला वाढलेले गुण मधल्या काळात जोडण्याची संधी मिळते, तर जानेवारीत धावाधाव करणाऱ्याला एकच संधी राहते. शाळेच्या काउन्सेलरकडून ट्रान्स्क्रिप्ट आणि शिफारस वेळेवर निघत नाही, असा माझा अनुभव आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वीच ती मागून ठेवावी.

शाळेतून निवड झाली नाही, तरी वाट बंद होत नाही. शिष्यवृत्तीशिवाय पहिल्या वर्षी आरओटीसीत नाव घालता येते आणि तिन्ही दलांत दोन किंवा तीन वर्षांच्या शिष्यवृत्त्या कॉलेजमधील विद्यार्थ्यांना दिल्या जातात. तेथे शाळेतले गुण मागे पडतात आणि पहिल्या सत्राचा जीपीए, विशेषतः नेव्हीत कॅल्क्युलसमधील श्रेणी, बोलू लागतो. एसएटीत मागे पडलेल्या पण कष्टाळू मुलांसाठी मला हीच वाट अधिक न्याय्य वाटते, कारण युनिटमधील अधिकारी त्यांना रोज सकाळी सहाच्या व्यायामाला पाहत असतात.

चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिले वर्ष विचार करण्यासाठी मोकळे असते. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपूर्वी तो कोणतेही बंधन न राहता बाहेर पडू शकतो. त्यानंतर मात्र आर्मीत आणि एअर फोर्समध्ये साधारण चार, नेव्ही पर्यायात पाच वर्षांची पूर्णवेळ सेवा बांधील होते आणि एअर फोर्सच्या वैमानिकाला प्रशिक्षण संपल्यानंतर दहा वर्षे द्यावी लागतात. अर्धवट सोडल्यास शासनाने भरलेले पैसे परत करण्याची किंवा शिपाई म्हणून सेवा देण्याची वेळ येऊ शकते. करारातील हे कलम पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात मुलाने स्वतः, मोठ्याने, घरच्यांसमोर वाचावे आणि मगच दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसावे.