जुन्या पेठेतल्या वाड्याचा फोटो काढताना

पुण्याच्या पेठांमध्ये वाड्यासमोर मागे सरकायला जागाच नसते. मग मोबाइल वरच्या बाजूला तिरका केला जातो आणि वाडा मागे झुकल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा मोबाइल सरळ उभा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची नजर जमिनीला समांतर राहील, आणि खालचा जास्तीचा रस्ता नंतर कापून टाका. समोरच्या इमारतीचा पहिल्या मजल्यावरचा जिना वापरायला मिळाला तर उत्तमच. बहुतेक जण विचारलं की हो म्हणतात. खूप रुंद दृश्य टिपणारी अल्ट्रावाइड लेन्स मात्र टाळा, तिच्यात कडेचे खांब ताणले जातात.

प्रकाश रस्त्याच्या दिशेवरून ठरवा. बाजीराव रस्ता साधारण उत्तर-दक्षिण असल्याने तिथे एका बाजूला सकाळी आणि दुसरीला दुपारनंतर ऊन मिळतं. लक्ष्मी रस्ता पूर्व-पश्चिम, त्यामुळे दक्षिणेकडच्या घरांचं तोंड बराच काळ सावलीतच. कोरीव लाकडासाठी तर ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. विश्रामबागवाड्याचे सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब आणि वरची कोरलेली केळफुलं कडक उन्हात नुसती काळी दिसतात.

एक फोटो पूर्ण दर्शनी भागाचा, मग दिंडी दरवाजा (मोठ्या दरवाजातला छोटा दरवाजा), तुळईचा सांधा, विटांचं बांधकाम. विजेचे मीटर, पाट्या, लोंबणाऱ्या वायरी चौकटीबाहेर ढकलू नका, उद्या त्यावरूनच काळ ओळखता येईल. आतल्या चौकात लोक राहतात, तेव्हा परवानगीशिवाय शिरू नका. घरी आल्यावर त्याच दिवशी फाइलच्या नावात पेठ, वाडा, तारीख आणि फोटो कोणत्या दिशेने घेतला ते लिहा.