स्वतंत्र कॅथलिक चर्चची घटना लिहिताना

गोव्यातल्या देवस्थानांच्या महाजनांना कोंप्रोमिस, म्हणजे देवस्थानाची लेखी नियमावली, काय असते ते सांगावे लागत नाही. पालखीचा मान कोणाचा, दागिन्यांच्या पेटीच्या किल्ल्या कोणाकडे, मुखत्याराने काय करायचे आणि काय नाही, हे सगळे लिहून ठेवलेले असते आणि भांडण लागले की आधी तीच वही बाहेर येते. रोमपासून वेगळे राहून स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्या समुदायाला अशा वहीची गरज देवस्थानापेक्षाही जास्त. रोमन पॅरिशमधला (गावच्या चर्चच्या समुदायातला) वाद पाद्रीकडून आर्चबिशपकडे आणि तिथून रोमपर्यंत जाऊ शकतो, आणि प्रत्येक पायरीवर लिहिलेला कायदा आहे. स्वतंत्र चर्चने वरच्या पायऱ्या काढून टाकलेल्या असतात. त्यांच्या जागी काय आले हे कागदावर नसेल, तर सगळा कारभार एका बिशपच्या स्वभावावर चालतो. म्हणून श्रद्धेच्या कलमांना दोन बैठका द्या, कारभाराला दहा. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे होते.

पहिले कलम: आपण कोण

‘स्वतंत्र’ हा शब्द सैलपणे वापरू नका. सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा चर्चची उपासना वेगळी, कारभारही बराचसा स्वतःचा, पण ती पोपला मानतात. ती या अर्थाने स्वतंत्र नव्हेत. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्च पोपच्या अधिकाराखाली नाही, पण त्याची परंपरा सिरियन. स्वतंत्र कॅथलिक म्हणजे ज्यांची मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), सात संस्कार आणि बिशप, पाद्री व त्याखालचा डीकन ही रचना कॅथलिक आहे, पण ज्यांच्यावर पोपचा अधिकार चालत नाही.

हे पहिल्याच कलमात उघड लिहा: ‘हे चर्च रोमच्या पोपच्या अधिकाराखाली नाही आणि गोवा व दमण आर्चडायोसिजचा भाग नाही.’ हेच वाक्य बाहेरच्या पाटीवर आणि पावतीपुस्तकावरही हवे. वेदी, झगे, मेणबत्त्या सगळे सारखेच दिसते, त्यामुळे एखादे कुटुंब रोमन पॅरिश समजून मुलाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन येते. त्यांना अंधारात ठेवणे ही फसवणूक आहे. रोमची बाजूही सभासदांना सरळ सांगा. पोपच्या आदेशाशिवाय एखाद्याला बिशप केले, तर करणारा आणि होणारा दोघेही आपोआप बहिष्कृत होतात. कॅनन कायद्यात हे कलम आधी १३८२ होते, ८ डिसेंबर २०२१ पासूनच्या सुधारणेत ते १३८७ झाले.

श्रद्धा

इथे नवे काही रचायचे नसते. निसियाचा मतांगिकार (श्रद्धेचे जुने सूत्र), पहिल्या सात महासभा, सात संस्कार, मिस्सेत ख्रिस्ताची खरी उपस्थिती, एवढे चार ओळींत बसते. वादाचे मुद्दे मात्र एकेक करून घ्यावे लागतात. पोपची सार्वत्रिक सत्ता आणि श्रद्धेबाबतच्या अधिकृत घोषणेत तो चुकू शकत नाही हा सिद्धांत, हे दोन्ही १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन महासभेत ठरले. ते नाकारणाऱ्या ओल्ड कॅथलिक बिशपांनी २४ सप्टेंबर १८८९ रोजी हॉलंडमधल्या उट्रेख्टचे घोषणापत्र काढले. रोमच्या बिशपला समानांमधला पहिला हा जुना मान द्यायला त्यांची हरकत नव्हती.

हे घोषणापत्र पुष्कळ जण जसेच्या तसे उतरवून घेतात. गोव्यात ते लगेच एका ठिकाणी अडते. १८५४ साली पोपने जाहीर केलेला मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा (ती स्वतः मूळ पापाशिवाय गर्भात आली हा) सिद्धांत त्यात नाकारलेला आहे, आणि पणजीचे चर्च तर त्याच नावाचे. ८ डिसेंबरचे हे फेस्त (सण) सोडायला कोणतेही गोंयकार कुटुंब तयार होणार नाही, आणि सोडण्याचे कारणही नाही. ही भक्ती १८५४ च्या कितीतरी आधीची आहे. पणजीचे चर्चच १५४१ पासूनचे. म्हणून कलम असे लिहा: सण आणि नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) पाळल्या जातील, पण १८५४ चा सिद्धांत मानणे ही सभासदत्वाची अट नसेल. १५ ऑगस्टच्या सणाला हीच रीत लावा, कारण मारियेच्या स्वर्गारोहणाचा सिद्धांत १९५० चा आणि सण फार जुना. ३ डिसेंबरच्या सांव फ्रान्सिस्क शाव्हिएरच्या फेस्ताला तर अडचणच नाही.

पाद्रीने लग्न करावे का, स्त्रियांना गुरुदीक्षा द्यावी का, घटस्फोटितांचे दुसरे लग्न लावावे का, या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहा. ‘यथावकाश ठरवू’ असे लिहिले की पहिला अर्ज येतो त्याच दिवशी चर्च दुभंगते. आणि उट्रेख्टचे विचार पटले म्हणून ‘उट्रेख्ट युनियनचे सदस्य’ (ओल्ड कॅथलिक चर्चांच्या संघाचे) असे छापू नका. ते सदस्यत्व त्यांच्या बिशपांच्या परिषदेकडूनच मिळते, आणि जगातल्या बहुतेक स्वतंत्र बिशपांना ती परिषद मान्यता देत नाही.

बिशप कुठून आला

प्रेषितांपासून हातावर हात ठेवत आलेली परंपरा हा कॅथलिकपणाचा कणा मानला जातो. ही परंपरा कशी तपासायची ते शिकवणारे उदाहरण गोव्याचेच आहे. वेर्णेचे पाद्री आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या १८८६ च्या करारानंतर सिलोनमधली पाद्रोआदोची (पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालची) चर्चे प्रोपागांडाकडे, म्हणजे मिशनांचा कारभार पाहणाऱ्या रोमच्या खात्याकडे गेली, तो असंतोष त्यांच्यामागे उभा राहिला. जुलै १८८९ मध्ये कोट्टायमला मलंकरा चर्चने त्यांना मार ज्युलियस या नावाने बिशप केले, आणि सिलोन, गोवा व भारताचे स्वतंत्र कॅथलिक चर्च उभे राहिले. २९ मे १८९२ रोजी कोलंबोत त्यांनी अमेरिकेतल्या रेने विलात यांना बिशप केले. अमेरिका-युरोपातले अनेक स्वतंत्र बिशप आपली परंपरा या विलात यांच्यापर्यंत नेतात, म्हणजे वाट वेर्णेच्या माणसावरून जाते. मात्र १९३८ साली मलंकराची परंपरा जिथून येते त्या अंत्योखच्या सिरियन पात्रिआर्कने (चर्चप्रमुखाने) विलात यांच्यापासून निघालेल्या परंपरा आपल्या नाहीत असे जाहीर केले. नामावळी लांबलचक असली तरी ज्या चर्चचे नाव वर लिहिले तेच ओळख देत नसेल, तर तो कागद अपुरा.

तुमच्या बिशपकडे दीक्षेचा मूळ दाखला मागा. त्यावर तारीख, जागा, दीक्षा देणाऱ्यांची नावे व सह्या, कोणत्या ग्रंथातला विधी, कोणत्या भाषेत, दोन साक्षीदार आणि शिक्का हवा. हात ठेवणे आणि दीक्षेची प्रार्थना हा विधीचा गाभा. तेल, अंगठी, टोपी त्यानंतरची. निसियाच्या महासभेपासून (३२५) तीन बिशपांचा दंडक आहे. एकट्याने दिलेली दीक्षा सरसकट व्यर्थ ठरत नाही, पण संशयाला जागा राहते. एकाच माणसाने चार वेगवेगळ्या बिशपांकडून चार वेळा दीक्षा घेतल्याचे दिसले तर थांबा. ‘जास्त परंपरा’ हा गौरव नव्हे, पहिल्या दीक्षेवर त्याचाच भरवसा नव्हता.

बिशपवर कोणाची नजर

इथून घटनेचा खरा भाग सुरू होतो. जर्मनीतल्या ओल्ड कॅथलिकांनी १८७३ साली आपला पहिला बिशप सभेत निवडून दिला आणि मग हॉलंडच्या बिशपकडून त्याला दीक्षा मिळाली. निवड लोकांची, दीक्षा बिशपची. ही वाटणी धरून चला.

सिनोड म्हणजे वार्षिक सभा: सगळे पाद्री, आणि प्रत्येक केंद्राचे निवडून दिलेले प्रापंचिक (दीक्षा न घेतलेले) प्रतिनिधी. प्रापंचिकांची संख्या पाद्रींपेक्षा जास्त ठेवा. नोटीस २१ दिवस आधी, गणपूर्ती एकतृतीयांश, बिशपच्या निवडीला दोनतृतीयांश मते. दोन सभांमध्ये कारभार पाहायला सात जणांची स्थायी समिती: बिशप, दोन पाद्री, चार प्रापंचिक. खजिनदार पाद्री नको. श्रद्धा आणि उपासनेच्या बाबतीत बिशपला नकाराधिकार द्या, पैशाच्या बाबतीत देऊ नका.

बिशपविरुद्ध तक्रार आली तर? ज्या समितीवर तो बसतो तिच्याकडेच ती गेली तर व्यर्थ. तीन जणांचे वेगळे मंडळ सिनोडने तीन वर्षांसाठी निवडावे. त्यात बिशप नाही, त्याचे नातेवाईक नाहीत, त्याने दीक्षा दिलेला कोणी नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची, तोवर बिशपने पदावरून बाजूला राहायचे. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ही वाट मुळीच नाही: ती थेट पोलिसांकडे, त्याच दिवशी. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचे बंधन आहे, आणि ‘आधी चर्चमध्ये बघू’ हा बचाव चालत नाही. हे वाक्य घटनेत ठळक छापा.

लहान चर्चे बहुधा मरतात ती बिशपच्या मृत्यूने. एकच बिशप असला आणि तो गेला, की नव्या पाद्रीला दीक्षा देणारा कोणी उरत नाही. त्यासाठी दोन अन्य चर्चच्या बिशपांशी आधीच लेखी करार करा: जागा रिकामी झाली तर आम्ही निवडू त्याला तुम्ही दीक्षा द्याल. कराराची प्रत घटनेला जोडा. जागा रिकामी असताना ज्येष्ठ पाद्री प्रशासक. निवड १२० दिवसांत. त्या काळात घटनादुरुस्ती नाही, जमिनीची विक्री नाही.

जमीन आणि पैसा

हे कलम घाईत लिहू नका, कारण गोव्यातला कायदा इतर राज्यांसारखा नाही. नोंदणी सोसायटी म्हणून करता येते: १८६० च्या कायद्याखाली किमान सात जण, उद्देशपत्र आणि नियम. उद्देश बदलायचा तर दोन सभा, मध्ये एक महिना, आणि दोन्हींत तीनपंचमांश मते. सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे जाते. ही यादी अनेकदा राहून जाते आणि मग बँक सह्या बदलून देत नाही.

नोंदणी व्हायच्या आधी जमीन मिळते, घाई असते, आणि कोणीतरी म्हणते, ‘सध्या बिशपच्या नावावर घेऊ.’ घेऊ नका. स्वतंत्र चर्चचा बिशप अनेकदा विवाहित असतो. गोव्याच्या विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल आणि लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे खरेदीखत झाले त्याच क्षणी अर्धी जमीन बिशपच्या पत्नीची, विकताना दोघांच्या सह्या लागणार. बिशप गेल्यावर त्याच्या वाट्यातला अर्धा भाग कायद्याने वारसांसाठी राखीव, तो मृत्युपत्रानेही चर्चला देता येत नाही. वारस इन्व्हेंटरीचा (मालमत्तेची यादी करून वाटणीचा) दावा लावतात आणि वेदीखालची जमीन यादीत येते. सोसायटी होईपर्यंत भाडेकरार करा, खरेदी नको.

दानपेटी मिस्सा संपल्यावर तिथेच उघडायची, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायची, नोटा-नाणी वेगळी लिहून सह्या करायच्या, दुसऱ्या कामाच्या दिवशी बँकेत. ‘घरी नेऊन मोजतो’ हे एकदाही चालवू नका. परकीय नागरिकत्व घेतलेल्या गोंयकारांकडून सोसायटीला मिळालेले पैसे विदेशी देणगी कायद्याखाली येतात. त्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर स्वीकारू नका. नातेवाईकाच्या खात्यावरून फिरवून घेणे तर मुळीच नाही.

वह्या आणि दाखले

बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, दीक्षा अशा चार बांधीव वह्या, पानांवर छापील क्रमांक. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नुसते नाव-तारीख पुरत नाही. पुढे तो मुलगा रोमन पॅरिशमध्ये लग्नाला गेला तर तिथला पाद्री विचारणारच की पाणी वापरले का आणि कोणते शब्द उच्चारले. म्हणून छापूनच टाका: ‘डोक्यावर तीन वेळा पाणी ओतून, “मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो” या शब्दांनी.’ ‘मी’च्या जागी प्रेमाने ‘आम्ही सगळे’ म्हटले गेले, तर रोमच्या २०२० च्या निर्णयाप्रमाणे तो बाप्तिस्मा वैध नाही. बदल एका शब्दाचा, त्रास त्या मुलाला.

लग्नाचे आणखी नाजूक. रोमन पॅरिशमध्ये लागलेल्या लग्नाला १९४६ च्या पोर्तुगीज डिक्रीप्रमाणे नागरी नोंदीची वेगळी वाट आहे. ती आपल्यालाही लागू आहे असे धरून चालू नका. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी इराद्याची सही, मग मुदतीनंतरची दुसरी सही, आणि दाखला हातात पडल्यावरच चर्चमध्ये आशीर्वाद, असा क्रम घटनेत बांधून घ्या. पहिल्या सहीलाच लग्न झाले असे समजून दुसरीला न गेलेल्या जोडप्यांची गोव्यात मोठी फरफट होते.

शेवटी दफनभूमी. पॅरिशची सिमितेरी पॅरिशच्या ताब्यात असते, तिथे जागा मिळेलच असे नाही. आल्वारिस २३ सप्टेंबर १९२३ रोजी गेले, तेव्हा त्यांना पणजीच्या सांत इनेजच्या दफनभूमीत पुरले. पुढे त्यांचे अवशेष रायबंदरच्या सेंट मेरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नेण्यात आले. जवळच्या पालिकेची दफनभूमी कोणती, शुल्क किती, कोणते दाखले लागतात, सुट्टीच्या दिवशी खड्डा खणायला कोणाला सांगायचे, हे आधीच विचारून घ्या आणि मृत्यूच्या वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा.