मालवणात मासे खायला जाताना

सहल मासळीसाठीच असेल, तर ऑक्टोबर ते मे हा काळ निवडावा; १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताजी मासळी कमी मिळते. मुक्काम शक्यतो घरगुती न्याहारी-निवासात करावा आणि जेवण आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे, म्हणजे यजमानांना सकाळच्या बाजारातून मासळी निवडून आणता येते. स्वतः निवडणार असाल, तर बांगड्याचे कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि अंग बोटाने दाबताच पूर्ववत होणारे असावे. सुरमईच्या तुकडीवरच सगळे अडतात; मला मात्र तिरफळ (कोकणातले एक मसाल्याचे फळ) घातलेले बांगड्याचे तिखले, म्हणजे दाटसर तिखट कालवण, अधिक अस्सल वाटते. तिरफळ चावू नये, बाजूला काढावे. शेवटी भातावर सोलकढी घ्यावी.