मुंबई-न्यूयॉर्क फ्लाइट: अंतर आणि वेळेच्या हिशोबात या चुका टाळा

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किमी. लोक त्याला 900 च्या स्पीडने भागतात, 14 तास काढतात आणि तिकडे राहणाऱ्या पोराला त्या हिशोबाने एअरपोर्टवर घ्यायला बोलावतात. असं करू नका. जाताना नॉनस्टॉपला 15-16 तास सहज लागतात, कधी जास्तही, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, ते जाताना समोरून येतात आणि परत येताना पाठीशी असतात, म्हणून येतानाची फ्लाइट लवकर पोचते. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे आपल्या कंपन्यांना वळसा पडला, तेव्हा कुणी पाच वर्षांपूर्वीचा टाइम सांगितला तर तो धरून चालू नका.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा. समजा तिकिटावर मुंबईहून पहाटे 2 ला निघणार आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी 8 ला पोचणार असं आहे. वाचणाऱ्याला वाटतं 6 तासच! पण हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे प्रवास झाला साडेसोळा तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊच राहतो, आणि तेच 2 आणि 8 आकडे असले तरी प्रवास साडेपंधरा तासांचा होतो. तिकिटावर ड्युरेशन लिहिलेलं असतं ना, तेच बघा, वजाबाकी करत बसू नका.

आणि तारीख! 15 तारखेची पहाटे 2 ची फ्लाइट म्हणजे 14 च्या रात्रीच घरातून निघायचं, 15 च्या रात्री पोचलात तर विमान कधीच गेलेलं असतं. आईबाबा पहिल्यांदा जाणार असतील तर फोनवर तारीख सांगू नका, "सोमवारी रात्री जेवून निघायचं" असं सांगा, पक्कं लक्षात राहतं.

नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणंही सोडून द्या. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता वर उत्तरेकडून, पार ग्रीनलंडच्या बाजूने जातो, सपाट नकाशावर तो उगाच लांबचा वाटतो. दुबईमार्गे गेलात तर लांब पडेल असंही बरेच जण म्हणतात, पण तिथून एकूण तेरा हजारांच्या आसपासच होतं, फरक चारएकशे किमीचा. वेळ खातो तो मधला लेओव्हर, म्हणजे पुढच्या फ्लाइटसाठी थांबायचा वेळ.

अमेरिकेतच पुढे दुसरी फ्लाइट असेल तर पहिल्या एअरपोर्टवर इमिग्रेशनची लाइन लावून, बॅगा घेऊन, साधारणपणे त्या परत द्याव्या लागतात, त्यात पुन्हा सिक्युरिटी. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, तीन तास तरी ठेवाच, आणि वयस्कर माणसं असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.