परदेशात 'मिटवून टाकू' म्हणणारा भेटला तर

परदेशात विमानतळावर किंवा रस्त्यावरच्या नाक्यावर कुणी अधिकारी "मिटवून टाकू" म्हणाला की आपला माणूस घाबरून पाकीट उघडतो. मीही उघडणारच होतो. कस्टमवाल्यानं साताऱ्याहून नेलेला कंदी पेढ्यांचा डबा उघडला, एक पेढा बोटानं दाबून बघितला आणि दंड म्हणून रोख मागितली. तेव्हा जे कामी आलं ते असं:

१. हसून म्हणायचं, "दंड असेल तर भरतो की! पावती कोण देणार?" पावती म्हटलं की रक्कम आपोआप खाली येते. मग तेच वाक्य पुन्हा. आवाज चढवायचा नाही.

२. घाई दाखवायची नाही. मी सरळ बॅगेवर बसलो. वीसेक मिनिटांत डबा परत आला, एक पेढा कमी. (तेवढा त्याला पचो.)

३. रस्त्यावरच्या तपासणीत आधी पासपोर्टची झेरॉक्स पुढे करायची. मूळ पासपोर्ट एकदा त्याच्या खिशात गेला की सौदा त्याच्या हातात.

४. भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून ठेवायचा, मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच जाते. अटकेची भाषा झाली तर "दूतावासाला कळवा" म्हणायचं. १९६३च्या व्हिएन्ना करारानं तो हक्क दिलाय.

'घ्या साहेब, पेढे खा' हे मात्र स्वतःहून नको. तीही लाच ठरू शकते.

आणि रात्रीची वेळ, सामसूम रस्ता, समोर बंदूक असेल तर पावतीबिवती विसरा. पैसे द्या आणि निघा.